घराचा पिलर : बांधताना पाहा, राहताना जपा

२४ ऑगस्ट २०२० ची संध्याकाळ. महाडच्या काजळपुरा भागातील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत काही क्षणांत जमीनदोस्त झाली. सोळा जीव गेले. चार वर्षांचा एक मुलगा दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून जिवंत निघाला, तेव्हा कोकणातल्या घराघरांत लोक टीव्हीसमोर रडले. इमारत हलू लागल्याचे पाहून बरेच रहिवासी धावत बाहेर पडले होते, म्हणून मृतांचा आकडा तिथेच थांबला. महिनाही पुरा झाला नाही तोच, २१ सप्टेंबरला, भिवंडीत तीन मजली जिलानी इमारतीचा मोठा भाग कोसळला. वेळ पहाटेची. तिथे अनेकांना जागे व्हायलाही वेळ मिळाला नाही.

भिवंडीची इमारत जुनी होती. महाडची मात्र बांधून दहा वर्षेही झालेली नव्हती. बांधकामाशी संबंधित लोकांवर गुन्हे दाखल झाले. दोष कुणाचा हे न्यायालय ठरवील. पण आपल्यापुढे एक प्रश्न उरतोच : आपण ज्या घरात मुलाबाळांना घेऊन निजतो, ते ज्यावर उभे आहे त्याबद्दल आपल्याला काय माहीत आहे?

फ्लॅट घेताना आपण किचनचा ओटा, टाइल्स आणि खिडकीतली हवा पाहतो. गावी घर बांधताना रंग, जिना, दर्शनी बाल्कनी यांवर घरभर चर्चा होते. पिलरबद्दल मात्र एकच तक्रार ऐकू येते : "हा कोपरा बाहेर आलाय, कपाट नीट बसत नाही." या लेखात त्याच पिलरची, म्हणजे आरसीसी खांबाची, गोष्ट सांगायची आहे. तो कशाने मजबूत होतो, कशाने पोखरतो आणि कमजोर झाला तर त्याला पुन्हा बळ कसे देतात, हे समजायला इंजिनिअर असावे लागत नाही.

सगळा भार कुणाच्या खांद्यावर?

घराचे वजन एका ठरलेल्या वाटेने जमिनीत उतरते. माणसे, सामान, भिंती यांचा भार स्लॅबवर येतो, स्लॅबचा बीमवर, बीमचा पिलरवर, पिलरचा पायातल्या फुटिंगवर आणि तिथून जमिनीवर. स्लॅबचा तुकडा पडला तर एका खोलीचे नुकसान होते. बीम कमजोर झाला तर बहुधा आधी तो वाकतो, खालून तडे दाखवतो, वेळ देतो. पिलर दाबाने फुटतो तेव्हा अचानक फुटतो. त्याच्यावरचा भार शेजारच्या पिलरवर जातो, आणि तोही आधीच थकलेला असेल तर एकामागून एक सगळे बसतात. म्हणून पिलरच्या बाबतीत "बघू पुढच्या वर्षी" म्हणणे महागात पडते.

भार किती असतो याचा साधा अंदाज घेऊ. राहत्या इमारतीत प्रत्येक मजल्याचे वजन ढोबळमानाने चौरस मीटरला एक टन धरतात. एका पिलरच्या वाट्याला साधारण १३० चौरस फूट, म्हणजे १२ चौरस मीटर जागा येत असेल, तर एका मजल्याचे १२ टन झाले. पाच मजल्यांचे ६० टन. हे सगळे वजन तळमजल्यावरच्या त्या एका पिलरमधून खाली जाते. वरच्या मजल्यावरचा पिलर त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकेच काम करतो. म्हणून इमारतीची तब्येत पाहायची असेल तर गच्चीवर जाऊ नका, खाली पार्किंगमध्ये उतरा.

पिलरच्या पोटात काय असते?

काँक्रीट दाब सोसण्यात पटाईत आहे. एम-२० प्रतीच्या काँक्रीटचा सहा इंची ठोकळा २८ दिवसांनी यंत्रात दाबला तर तो सुमारे ४५ टन भार पेलतो. पण हेच काँक्रीट ताणले किंवा वाकवले की लगेच तडकते. म्हणून त्यात उभ्या सळया घालतात. वाऱ्याने, भूकंपाने किंवा भार एका बाजूला आल्याने पिलर वाकू लागला, की त्या सळया ताण सोसतात.

तिसरा घटक असतो रिंगा. उभ्या सळयांना ठरावीक अंतरावर आडवे बांधणारी ती पातळ सळईची कडी. घरमालकाचे लक्ष जाते जाड सळयांकडे, रिंगांकडे कुणी पाहत नाही. पण हिरांचा झाडू आठवा. दोरी घट्ट बांधलेली असेल तर तो मुठीत ताठ राहतो. दोरी सुटली की हीर चहूकडे पसरतात. रिंगा नेमके दोरीचे काम करतात. भार आल्यावर उभ्या सळयांना बाहेर वाकू देत नाहीत आणि आतल्या काँक्रीटला मुठीत धरून ठेवतात.

रिंगांमधले अंतर ठरवण्याचा नियम आयएस ४५६ या भारतीय मानकात आहे : पिलरची लहान बाजू, सर्वात बारीक उभ्या सळईच्या जाडीची १६ पट, किंवा ३०० मिलिमीटर, यांतले जे कमी असेल त्यापेक्षा जास्त अंतर चालत नाही. म्हणजे १२ मिलिमीटरची सळई असेल तर रिंगा साडेसात इंचांच्या आत हव्यात. भूकंपाचा विचार करून केलेल्या बांधकामात पिलर जिथे बीमला मिळतो त्या टोकांजवळ त्या चार इंचांच्या आत, दाट लागतात. शिवाय रिंगेची टोके नुसती काटकोनात वळवून भागत नाही. ती १३५ अंशांत, म्हणजे आतल्या काँक्रीटच्या दिशेने वळवावी लागतात. काटकोनातले टोक बाहेरचा थर उडाला की उघडते आणि रिंग निरुपयोगी होते.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने याची किंमत दाखवून दिली. केंद्र कच्छमध्ये, भुजजवळ. पण दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्येही कितीतरी बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. वर भिंती असल्याने वरचे मजले ताठ, आणि खाली फक्त उघडे पिलर. हादरा आला तेव्हा सगळे हेलकावे त्या पिलरनाच सोसावे लागले. मुंबई, ठाणे, कोकण, पुणे, कुठेही पाहा, आपल्या बहुतेक इमारती अशाच उभ्या आहेत. खाली गाड्या, वर संसार. म्हणून पार्किंगचे पिलर सर्वात दणकट हवेत.

घर बांधताना : शटरिंग बंद होण्याआधीचा फोटो

आपल्याकडे अनेक घरांत कमावता माणूस दुबई, कुवेत किंवा सौदीत असतो आणि गावचे घर मामू किंवा भाऊ उभे करवून घेतात. कामाचे फोटो व्हॉट्सॲपवर जातात. बहुतेक फोटो स्लॅब भरला त्या दिवसाचे किंवा भिंती उभ्या राहिल्यानंतरचे. पण पिलरची मजबुती ज्या गोष्टींत असते त्या फक्त एखाद-दुसरा दिवस डोळ्यांना दिसतात : सळया बांधून झाल्यापासून शटरिंगच्या फळ्या लागेपर्यंत. त्यानंतर आत काय आहे ते तोडफोड किंवा तपासणी केल्याशिवाय कळत नाही.

म्हणून परदेशात बसलेल्याने एवढेच सांगावे : "प्रत्येक पिलरचा, शटरिंग लावण्याआधी, टेप धरून फोटो पाठवा." त्यात पाच गोष्टी पाहता येतात. सळयांची संख्या आणि जाडी नकाशाप्रमाणे आहे का? रिंगांमधले अंतर किती? टोके आत वळली आहेत का? सळयांना सिमेंटचे कव्हर ब्लॉक बांधले आहेत का? आणि खालून आलेल्या सळयांना वरच्या सळया पुरेशा लांबीने जोडल्या आहेत का? फोटो मागितला जाणार हे माहीत असले की कामही आपोआप सुधारते.

आता नेहमीच्या चुका पाहू.

पहिली चूक, नऊ इंची पिलर. भिंतीत लपावा म्हणून पिलरची एक बाजू नऊ इंच ठेवण्याचा आग्रह घरमालकच धरतो. लहान एकमजली घराला तो पुरेल कदाचित, पण भूकंपाचा विचार करणारे आयएस १३९२० हे मानक पिलरची लहान बाजू किमान ३०० मिलिमीटर, म्हणजे १२ इंच मागते. कपाटामागे तीन इंच जागा गेली तर जाऊ द्यावी.

दुसरी चूक, पाणी. काँक्रीट सहज ओतले जावे म्हणून मजूर मिक्सरमध्ये बादलीवर बादली ओततात. सिमेंटला लागते त्यापेक्षा जास्त पाणी पुढे सुकून उडून जाते आणि मागे बारीक छिद्रे ठेवते. ताकद कमी होते ती होतेच, शिवाय त्याच छिद्रांतून पुढे ओल आणि खारी हवा सळईपर्यंत पोहोचते. ५० किलोच्या एका गोणीला साधारण २५ लिटर पाणी ही मर्यादा लक्षात ठेवा. पावसात भिजलेल्या वाळूतले पाणीही त्यातच मोजायचे.

तिसरी चूक, खारे पाणी आणि खारी वाळू. मीठ लोखंडाचे वैरी. खाडीकाठच्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी चवीला मचूळ लागत असेल तर ते काँक्रीटला वापरू नये. आरसीसीसाठीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. तपासणी प्रयोगशाळेत होते आणि घराच्या खर्चापुढे ती काहीच नाही. न धुतलेली समुद्राची वाळू तर मुळीच नको. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत उघड्या राहणाऱ्या आरसीसीला मानकानुसार एम-३० प्रतीचे काँक्रीट आणि ४५ मिलिमीटर कव्हर लागते. गावाकडच्या घराला "एम-२० बस झाले" म्हणणाऱ्याला हे जरूर विचारा.

चौथी चूक, भरण्याची घाई. पिलर अरुंद, सळया दाट. वरून काँक्रीट ओतून व्हायब्रेटर नीट चालवला नाही तर खालच्या भागात खडी उघडी पडते, मध्ये पोकळ्या राहतात. फळ्या काढल्यावर मधाच्या पोळ्यासारखा भाग दिसला तर गवंडी लगेच त्यावर सिमेंट फासतो. फासू देऊ नका. आधी इंजिनिअरला दाखवा.

पाचवी, पाणी मारण्यात कंजुषी. स्लॅबवर पाणी साठवता येते, पिलर मात्र उभा असल्यामुळे तासाभरात कोरडा होतो. त्याला गोणपाट गुंडाळून ते दिवसरात्र ओले ठेवावे लागते. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, आणि आज बाजारात सर्रास मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटला किमान दहा दिवस. घरच्या बायका हे काम गवंड्यापेक्षा जास्त काळजीने करतात, हा अनेक गावांतला अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट घरगुती, पण फार महत्त्वाची. मुलगा लग्नाचा झाला की "वर एक मजला चढवू" असा विचार येतो. पिलर आणि फुटिंग जितक्या मजल्यांसाठी बांधले, तितक्यांचेच. गच्चीवर सळयांची टोके बाहेर ठेवली म्हणजे खालचा पिलर वरच्या मजल्याला तयार आहे असे होत नाही. जुना नकाशा शोधा, तो नसेल तर इंजिनिअरकडून पिलर आणि पाया तपासून घ्या, मगच वीट चढवा.

पिलर आतून कसा पोखरतो?

चांगल्या काँक्रीटमध्ये सळई वर्षानुवर्षे गंजत नाही. सिमेंट अल्कधर्मी असल्याने सळईभोवती एक अतिशय पातळ संरक्षक पापुद्रा तयार होतो. तो दोन प्रकारे मोडतो. एक, हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू काँक्रीटमध्ये शिरतो आणि त्याचा अल्कधर्मी गुण मारतो. दुसरे, मीठ ओलाव्याबरोबर आत जाते आणि तो पापुद्रा थेट फोडते. त्यानंतर पाणी आणि हवा मिळाली की गंज सुरू. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची गळती, पिलरला लागून गेलेला फुटका पाइप, पार्किंगमध्ये रोज धुतल्या जाणाऱ्या गाड्या, हे सगळे त्याला पाणी पुरवतात.

इथे कव्हरचे, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराचे, महत्त्व कळते. हवा आत शिरण्याचा वेग काळाबरोबर मंदावतो. दुप्पट खोल जायला दुप्पट नव्हे, सुमारे चौपट वर्षे लागतात. याचा उलटा अर्थ असा की पिलरला ४० मिलिमीटर कव्हर हवे होते आणि कव्हर ब्लॉक न बांधल्यामुळे २० च राहिले, तर संरक्षणाची वर्षे निम्मी होत नाहीत, पाव होतात. चाळीस वर्षे टिकणारे कवच दहा वर्षांत संपते. काही रुपयांच्या कव्हर ब्लॉकवर तीस वर्षे अवलंबून असतात.

गंजलेले लोखंड फुगते. मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा ते व्यापते आणि भोवतालचे काँक्रीट आतून फोडते. आधी सळईच्या रेषेत उभी भेग, मग पोकळ आवाज, मग पापुद्रा सुटून पडतो. आता हिशेब करा. नऊ बाय अठरा इंचांचा पिलर म्हणजे १६२ चौरस इंच. चारही बाजूंनी दीड-दीड इंच थर निखळला तर उरतो सहा बाय पंधरा, म्हणजे ९० चौरस इंच. पिलर दिसतो उभाच, पण भार वाहणारे काँक्रीट निम्म्याहून थोडेच जास्त राहिलेले असते. त्यातच रिंगा सळयांपेक्षा बारीक आणि बाहेरच्या अंगाला असल्याने आधी गंजून तुटतात. झाडूची दोरी सुटते.

ही लक्षणे दिसली तर

प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतात, त्या बहुतेकदा नुसत्या प्लास्टरच्या असतात. काळजी करायची ती यांची : पिलरच्या कोपऱ्याला धरून वरून खाली जाणारी भेग. तपकिरी डाग. ठोकल्यावर डब्यासारखा येणारा पोकळ आवाज. सळई किंवा रिंगा उघड्या पडणे. पिलरला तिरपी भेग. पिलर आणि बीमच्या सांध्याजवळ काँक्रीटचा चुरा. एकाच बाजूचे अनेक दरवाजे अचानक अडकू लागणे.

भेग वाढते आहे का हे पाहायला तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, आणि मोबाइलने फोटो काढून ठेवा. महिन्याने खुणेच्या पुढे भेग गेलेली दिसली तर इंजिनिअरला बोलावण्यात एक दिवसही घालवू नका.

आणि पिलरमधून कडकड आवाज येऊ लागला, काँक्रीटचे तुकडे उडू लागले, भेगा डोळ्यांदेखत रुंदावू लागल्या, तर कागदपत्रे, दागिने शोधत बसू नका. आरडाओरडा करून शेजाऱ्यांना उठवा, म्हाताऱ्यांना आणि लेकरांना घेऊन बाहेर पडा, इमारतीपासून लांब उभे राहा आणि अग्निशमन दलाला कळवा.

इशारा डावलल्याची किंमत बांगलादेशने मोजली. ढाक्याजवळच्या सावार इथे राणा प्लाझा या इमारतीला २३ एप्रिल २०१३ रोजी मोठे तडे दिसले. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकाने बंद झाली. वरच्या कपडे शिवण्याच्या कारखान्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी कामगारांना कामावर बोलावले. २४ एप्रिलच्या सकाळी इमारत कोसळली. ११०० हून अधिक माणसे गेली, त्यांत बहुसंख्य तरुण मुली आणि बायका होत्या. परवानगीपेक्षा जास्त मजले चढवल्याचे आणि वर जड यंत्रे, जनरेटर असल्याचे नंतर पुढे आले. तडा आदल्या दिवशीच सर्वांना दिसला होता.

इमारतीत राहणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. फ्लॅटचे नूतनीकरण करताना पिलरला हात लावू नये. पाइप किंवा वायर लपवायला पिलरमध्ये खाच मारणे, दुकान मोठे दिसावे म्हणून तो तासणे, हे सगळ्या इमारतीच्या जिवाशी खेळणे आहे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची साई दर्शन इमारत पडली आणि सतरा जण दगावले. तळमजल्यावर चाललेल्या तोडफोडीत इमारतीच्या खांबांना धक्का लागल्याचा आरोप झाला होता. शेजारी पिलर फोडत असेल तर "त्यांच्या घरातला मामला" म्हणून गप्प बसू नये. पिलर कुणा एकाच्या मालकीचा नसतो.

तपासणी : डॉक्टर आणि रिपोर्ट

नुसते डोळ्यांनी पाहून "ठीक आहे" म्हणणारा ऑडिट रिपोर्ट अर्धाच. आज पिलर न तोडता बरेच तपासता येते. हातोडीसारखे एक उपकरण पृष्ठभागाचा कठीणपणा सांगते. ध्वनिलहरींची चाचणी आतल्या पोकळ्या दाखवते : लहर सेकंदाला साडेतीन किलोमीटरपेक्षा वेगाने गेली तर काँक्रीट चांगले मानतात, तीनपेक्षा कमी असेल तर शंकास्पद. काँक्रीटच्या ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फथॅलीनचा द्राव फवारला तर निरोगी भाग गुलाबी होतो, संरक्षण गमावलेला भाग रंगहीन राहतो. गुलाबी कड सळईच्या मागे गेलेली दिसली तर सळई उघड्या हवेत असल्यासारखीच समजा. आवश्यक तिथे काँक्रीटचा गोल तुकडा कापून प्रयोगशाळेत त्याची ताकद पाहतात.

राज्यातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीचे दर तीन वर्षांनी ऑडिट व्हायला हवे. मुंबईत ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीच्या मजबुतीचे प्रमाणपत्र देणे कायद्यानेच बंधनकारक आहे. अहवालात इमारतीचा वर्ग लिहिलेला असतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग पाडायचा. सी-२बी म्हणजे रिकामी न करता रचनेची दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सभेत अहवाल वाचताना आधी हेच अक्षर पाहा.

नवा फ्लॅट घेतला असेल तर रेरा कायद्यातली एक तरतूद ध्यानात ठेवा. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत रचनेत दोष आढळून बिल्डरला कळवला, तर त्याने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. पिलरवर भेग दिसली तर तोंडी तक्रार नको, लेखी द्या आणि पोच घ्या.

कमजोर पिलरला बळ कसे देतात?

सर्वात मोठी फसवणूक इथेच होते. सुटलेला थर पाडायचा, सळईवर ब्रश फिरवायचा, वरून प्लास्टर आणि रंग. दोन पावसाळ्यांत तेच पुन्हा, आणि दरम्यान आत गंज चालूच. खरी दुरुस्ती पायरीपायरीने होते.

सगळ्यात आधी पिलरवरचा भार कमी करतात. शेजारी लोखंडी प्रॉपचे टेके लावून बीमला आधार देतात. एका वेळी एकच पिलर घेतात, शेजारशेजारचे दोन नाहीत. मग सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढतात, कारण मागे खराब भाग राहिला तर गंज तिथूनच चालतो. सळई चकचकीत होईपर्यंत साफ करतात, फार झिजली असेल तर जोडीला नवी सळई घालतात, गंजरोधक थर देतात, आणि जुने-नवे चिकटावे म्हणून बाँडिंगचा थर लावून पॉलिमरयुक्त मसाला किंवा मायक्रोकाँक्रीट भरतात. खारट झालेल्या काँक्रीटमध्ये नुसता तुकडा बदलला तर गंज बऱ्याचदा त्या तुकड्याच्या कडेला, जुन्या भागात नव्याने सुरू होतो. म्हणून मीठ कुठवर शिरले आहे हे तपासल्याशिवाय दुरुस्तीची हद्द ठरवू नये. आणि गळती आधी बंद करावी, पिलर नंतर.

एवढ्याने भागत नसेल, पिलरची ताकदच वाढवायची असेल, तर तीन मुख्य मार्ग आहेत.

पहिला, आरसीसी जॅकेट. जुन्या पिलरभोवती नव्या सळया, नव्या रिंगा आणि नवे काँक्रीट. जुना पृष्ठभाग टोचून खडबडीत करतात आणि भोके पाडून त्यात सळयांचे तुकडे पक्के बसवतात, म्हणजे जुने-नवे एकजीव होऊन काम करतात. आयएस १५९८८ नुसार जॅकेटची जाडी किमान १०० मिलिमीटर, आणि नवे काँक्रीट जुन्यापेक्षा सरस लागते. म्हणजे नऊ बाय अठराचा पिलर सुमारे सतरा बाय सव्वीसचा होतो. पार्किंगची जागा घटते, त्याची तयारी सभासदांनी आधीच ठेवावी. पूर्ण फायदा मिळायचा तर नव्या सळया फुटिंगपासून निघून स्लॅबमधून आरपार वर जायला हव्यात. बीमच्या खाली येऊन थांबलेले जॅकेट वरचा भार नीट अंगावर घेत नाही. ठेकेदाराला हा एक प्रश्न विचारा, त्याला काम किती कळते ते उत्तरातच समजेल.

दुसरा, लोखंडी जॅकेट. चारही कोपऱ्यांना अँगल आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. काम लवकर होते, जागा कमी जाते. पण पिलर आणि अँगलमधली फट ग्राउटने भरावी लागते आणि लोखंडाला गंज व आगीपासून जपावे लागते. खाऱ्या हवेत ही देखभाल सुटली तर औषधच आजार होते.

तिसरा, फायबरची पट्टी. कार्बन किंवा काचेच्या धाग्यांचे कापड इपॉक्सीने पिलरभोवती गुंडाळतात. जाडी जवळजवळ वाढत नाही. गोल पिलरवर याचा उत्तम उपयोग होतो. चौकोनी पिलरचे कोपरे आधी गोलावावे लागतात, आणि लांबट पिलरवर फायदा कमी मिळतो. मुख्य म्हणजे आतला गंज दुरुस्त न करता वरून गुंडाळले तर आजार फक्त नजरेआड होतो.

यांतला कोणता मार्ग घ्यायचा हे ठेकेदाराने ठरवायचे नसते. ते हिशेब करून स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतो, कारण एकच पिलर ताठ केला तर शेजारच्यांवरचा भार बदलतो, आणि पाया कमजोर असेल तर वरचे जॅकेट वाया जाते. काम चालू असताना देखरेखीलाही तोच हवा.

सोसायटीच्या सभेत

अनेक सोसायट्यांत दुरुस्तीची वर्गणी निघते ती रंगासाठी. पिलर दिसतात पार्किंगच्या अंधारात, त्यांच्यासाठी पैसे काढताना प्रत्येकाला आपली अडचण आठवते. वरच्या मजल्यावरचा म्हणतो, माझ्या घरात भेग नाही. भाडेकरू म्हणतो, मालक बघेल. मालक म्हणतो, पुनर्विकास होणारच आहे. पण वरच्या मजल्यावरचा माणूसही त्याच खालच्या पिलरवर उभा आहे, आणि पुनर्विकासाची तारीख गंजाला माहीत नसते.

या रविवारी टॉर्च घेऊन खाली उतरा. अब्बा, अम्मी, मोठी मुले, सगळेच चला. प्रत्येक पिलरला नंबर द्या, भोवती फिरा, लाकडी दांडक्याने हलके ठोका, भेगेवर तारीख लिहा, फोटो काढा. तासाभराचे काम आहे. आणि पुढच्या सभेत रंगाच्या कोटेशनआधी ते फोटो टेबलावर ठेवा.